सतरा विसा

मार्च, दोन हजार एक. कंब्रियातल्या प्रत्येक वाटेवर
औषधात भिजवलेल्या पेंढ्याच्या चटया.
टायर बुडवा. बूट बुडवा. सही करा.
मी कार्लाइलच्या कचेरीतला कारकून,
अंगात पांढरा कागदी डगला,
पाटीला सुतळीनं बांधलेली पेन्सिल.
काम एवढंच : मारण्याआधी मोजणं.

डोरा बर्केट फाटकाशी उभी,
गेलेल्या नवऱ्याचा कोट, एक हात खिशात.
"तुम्ही तुमचं मोजा," म्हणाली, "मी माझं."

मेंढ्या एकेक करून आत येऊ लागल्या.
माझं चालू : एक, दोन, तीन.
तिचं ओठातल्या ओठात :
यान, तान, तेथेरा, मेथेरा, पिंप,
सेथेरा, लेथेरा, होवेरा, डोवेरा, डिक.
मग यान-अ-डिक, तान-अ-डिक,
आणि पंधराला, बंफिट.
मला हसू फुटलं. त्या जागी, त्या दिवशी.
तोंडावर फडकं होतं म्हणून निभावलं.

विसाला गिगट, की एक खडा
डाव्या खिशातून उजव्या खिशात.
पुन्हा यान.
विसाच्या पलीकडे त्या भाषेत आकडाच नाही.
हातापायाची बोटं संपली
की पुढचं दगड सांभाळतो.

चहाला थांबलो तेव्हा विचारलं, कुणाचे हो हे शब्द?
"मेंढ्यांचे," म्हणाली.
मग थोड्या वेळानं :
"मास्तर सांगायचे, इंग्रज यायच्या आधी
इथं जे राहायचे, त्यांचे.
त्यांचं राज्य गेलं, देव गेले,
एक शिवीसुद्धा मागे राहिली नाही बघा,
एवढी उजळणी तेवढी राहिली.
दुसरे मास्तर म्हणायचे, छे, थापा आहेत.
आई टाके मोजायची याच्यावर. मोजे बरोबर व्हायचे."

फाटक पुन्हा उघडलं.
मध्येच तिनं विचारलं,
"पोटातली कुठं लिहिता?"
मी पाटी उलटसुलट केली.
वय होतं, लिंग होतं, कानातल्या बिल्ल्याचा नंबर होता.
पोटातल्यांना रकाना नव्हता.
तिनं मान हलवली, कुत्र्याकडे बघत बोलली :
"या डोंगराला कुंपण नाही, मॉस.
आपली हद्द कुठवर ते कोकरू
आईच्या मागं चालून शिकतं.
नव्या आणून सोडतील.
त्यांच्या पुढं कोण चालणार?"
मॉस बांधलेला होता. त्यानं कान टवकारले, बस्स.

शेवटची आली. माझ्या कागदावर तीनशे चाळीस.
तिच्या उजव्या खिशात सतरा खडे.
हिशेब तंतोतंत जुळला.
नोकरीत इतका वाईट जुळलेला हिशेब
मी दुसरा पाहिला नाही.

मग बंदूकवाले आले. ते लिहायचं काम माझं नव्हतं,
आजही नाही.

निघताना फाटकावर डगला काढून घेतला, जाळायला.
बूट बुडवले. पेन्सिलही बुडवली.
तोंड उघडा, असं कुणी म्हणालं नाही.

आता आमच्या इमारतीचा जिना चढताना
नात मोठ्यानं मोजते.
पायऱ्या चौदाच आहेत.
मेथेरा-डिकला इडी वर पोचते
आणि पंधरावी नाही म्हणून
जागच्या जागी उडी मारते : बंफिट!
शेजारची म्हातारी दार उघडून बघते.

पुढचं सांग, म्हणते. सांगतो, गिगटपर्यंत.
त्याच्या पुढे?
त्याच्या पुढे खडा लागतो, म्हणतो,
आणि हात आपसूक खिशाकडे जातो.
खडे डोराबाईंनी त्या संध्याकाळी
दगडी भिंतीवर ओळीनं मांडून ठेवले होते.
मी गाडीतून पाहिलं.
मोजले नाहीत.