सीएलसीचा दुसरा राउंड

बारावीला अठ्ठेचाळीस पॉइंट सहा.
त्यातला पॉइंट सहा बाबा जरा मोठ्याने सांगतात,
माप भरल्यावर वाण्याने
वर टाकलेल्या मुठीसारखा.

भंवरकुआँच्या कोचिंगची पुस्तकं
खजुरी बाजारात विकली.
दुकानदाराने पानं फर्र्कन उलटली, म्हणाला,
"बिलकुल नई है बेटा, खोली नहीं क्या?"
नवी म्हणून वीस रुपये जास्त दिले.
माझ्या आळसाला आलेला
तो पहिला भाव.

लोक कारण विचारतात.
कारण असतं तर बरं झालं असतं,
टायफॉइड, घरातलं कोणी जाणं,
निदान एखादा मुलगा.
तसं काहीच नव्हतं.
मी टेबलाशी बसायचे, दिवा लावायचे
आणि समोरच्या भिंतीचा पोपडा
हळूहळू कुठल्या देशासारखा होतोय
ते बघायचे.
फेब्रुवारीत तो आफ्रिका झाला.
मार्चमध्ये पेपर.

पहिल्या यादीत शेजारची ऋजुता गेली,
दुसरीत कुंदन, जो माझ्यामागे बसून
बाक वाजवायचा नुसता.
मग सीएलसी. पंगत उठल्यावर
वाढपी पातेलं खरवडत विचारतो ना,
कोणी राहिलंय का,
तसा तो राउंड.
त्याचाही दुसरा.

खिडकीतून हाक आली, "निरुपमा सितोले!"
ळ या गावात टिकत नाही.
शाळेच्या दाखल्यापासून माझा एक वळसा
कायम कापलेला आहे.
मी हात वर केला. सितोले तर सितोले.

तीन तास पायरीवर बसून होते.
काळा दगड, मधेमधे पांढरे ठिपके,
कोणी साखर सांडून पुसायला विसरल्यासारखे.
नखाने खरवडून पाहिले. निघेनात.
पासष्टवाले भराभर वर चढत होते,
त्यांना खाली बघायचं काही कामच नव्हतं.

आत निगम सर. मार्कशीट हातात धरून
त्यांनी चष्मा वर केला, मग खाली.
"फिजिक्स में ग्रेस?"
"हो सर."
"बीमार थीं?"
"नाही सर." घाईत मराठीच निघालं,
पण नाही सगळ्यांना कळतं.
ते थांबले, मीही थांबले,
पंखा एकटाच बोलत राहिला.
मग मी विचारलं, पायरीवर ते पांढरं काय आहे?

सरांनी मार्कशीट उलटी ठेवली.
उठले. मला घेऊन पायऱ्या उतरले,
वाकले, गुडघे कटकट वाजले.
लाव्हा थंड होताना हवेचे बुडबुडे आत अडकले, म्हणाले,
ते रिकामे राहिले,
मग कितीतरी काळ पाणी झिरपत गेलं
आणि ते भरले.
मागे लाइन ओरडत होती.
जिऑलॉजीच्या चाळीसांतल्या सव्वीस सीटा रिकाम्या.
आता पंचवीस.

बाबांनी पावती चार वेळा वाचली.
"यात शिकवतात काय?"
"दगड."
आई भाकरी थापता थापता म्हणाली,
"बरं झालं. दगड तर होतीसच,
आता डिग्री मिळेल."
आणि हसली. जूनपासून पहिल्यांदा.
पिठाचा हात तसाच माझ्या केसांना लागला.
बाबा चप्पल घालून बाहेर गेले,
कोपऱ्यावरच्या पोहेवाल्याला सांगताना
त्यांचा आवाज वरपर्यंत आला,
"हां भिया, साइंस कॉलेज. अड़तालीस पॉइंट छह पे!"

पहिला तास. चौदा पोरं, एक तुटका नकाशा.
सर म्हणाले, आपली ही जमीन
कधीकाळी आफ्रिकेला चिकटलेली होती.
सगळ्यांनी खाली बघून लिहून घेतलं.
मी नुसती मान हलवली,
ओळखीच्या माणसाचं नाव निघालं
की आपण हलवतो तशी.