बत्तीस मिलिमीटर

पहाटे, चहाच्या आधी.
पोटात काही नसतं तेव्हाच बदलायची,
असं निकुंभ सिस्टरनी बजावलंय.
पलंगाच्या कडेला जुना टॉवेल पसरून बसते.
खिडकी बंद, तरी मखमलाबादची थंडी
फटीतून आत येतेच.

मापाचं कार्ड पुठ्ठ्याचं. त्यात भोकं:
अठ्ठावीस, बत्तीस, पस्तीस, अडतीस.
सिस्टर समजावत होत्या आणि मला हसू फुटलं,
टाक्यांवर हात दाबून हसले.
बावीस हंगाम मी हेच केलंय, बाई,
पॅकहाऊसच्या टेबलाशी उभी राहून
मणी रिंगेला लावून बघायचा:
सोळाच्या खाली लोकल, अठराच्या वर युरोप.
मिलिमीटर मला शिकवू नका.

डॉक्टर म्हणाले होते, गुलाबाच्या कळीसारखं दिसेल.
ह्या गावाला एकेकाळी गुलशनाबाद म्हणत,
त्यावरून सुचलं असेल त्यांना.
मला ते गालाच्या आतल्या बाजूसारखं दिसलं.
लाल, ओलं, आपल्याच नादात हलणारं.
हात लावला तर दुखत नाही.
माझंच आतडं,
आणि मला न विचारता बाहेर येऊन बसलंय.

खालची वाट शिवून टाकली, कायमची.
तरी एखाद्या सकाळी जुनी घाई होते,
उठून दोन पावलं जाते, मग आठवतं.
सीबीएसवर उभं राहून
कधीच बंद झालेल्या गाडीची वाट बघावी, तसं.

पहिल्या आठवड्यात ह्यांनी मान फिरवली.
बागेत बोर्डो फवारताना ज्याने कधी नाक बांधलं नाही
तो माणूस मोरीत जाऊन नळ सोडून उभा राहिला.
मी काही बोलले नाही.

मग एका रात्री कड सुटली, गादीपर्यंत गेलं.
मी रडत बसले
आणि ते चादर बदलत राहिले,
कोपरे घट्ट खोचत, दिवा न लावता,
मला दिसू नये म्हणून, की त्यांना.
सकाळी माळ्यावरून माझी थिनिंगची कात्री काढली,
बाकदार पातीची,
गंज तेलाने पुसून पुढे केली.
"त्या दुसऱ्या कात्रीने भोक वाकडं जातंय."
एवढंच.

मिसळ अजून दोन महिने नाही.
भात, ताक, केळं, पुन्हा भात.

मावससासू बघायला आल्या. बिस्कीट बुडवत म्हणाल्या,
देवघरात मात्र आता जाऊ नकोस हो.
मी काही म्हणायच्या आत
पिशवीच बोलली,
लांबलचक, भर बैठकीत.
सगळे आपापल्या कपात बघू लागले.
बिस्कीट तुटून चहात पडलं.
संध्याकाळी दिवा मी लावला.
वात जरा मोठीच झाली.

काल इंदुबाईचा फोन, टेबलाशी माझ्या शेजारी असायची ती.
मागे पंख्यांचा आवाज, क्रेट आपटल्याचा,
कोणीतरी ओरडत होतं, कंटेनर लागलाय, कंटेनर.
पाय आपोआप जमिनीवर आले माझे.
विचारलं, यंदा साइज काय?
म्हणाली, सतरावर अडकलंय, फुगतच नाही. तुझं?
मी म्हटलं, अडतीसवरून बत्तीसवर आलंय.
ती गप्प झाली.
मग म्हणाली, कमी होतंय ते चांगलं ना?
आपल्याकडं उलटंच असतं म्हणून विचारलं.

आज गोल कापला. एका फिरकीत, कुठं दातरा नाही.
कडा बोटाने तपासली, सवयीने.
कागद सोलला, लावली,
वरून तळहात ठेवला.
ऊब लागल्याशिवाय ती नीट धरत नाही.

स्वयंपाकघरातून ह्यांचा आवाज,
"चिकटली का? चहा टाकू?"

थांबा, म्हटलं.
अजून हात काढला नाहीये.