इतिवृत्त, दुसरा रविवार

उपस्थिती चौदा. सह्या तेरा.
एक जण दारातच उभा राहिला, चपला न काढता,
त्याच्यापुढं वही न्यायची राहून गेली.

आमच्या मंडळाचं कपाट एकोणीसच्या पुरात
तीन दिवस पाण्यात होतं.
पहिली सहा वर्षं चिकटून एकच जाड पान झाली आहेत.
पहिलं व्याख्यान इंगवल्यांनी दिलं की तिवल्यांनी,
यावरून दोन्ही घरं अजून एकमेकांशी बोलत नाहीत.
शिलाहारांची वंशावळ विचारा, तोंडपाठ आहे.
मंडळाचा जन्ममहिना विचारू नका.

विषय: गंगावेशीतल्या एका वीरगळाचे वाचन.
वक्ते: वठारे सर, निवृत्त भूमापक,
कुठलीही गोष्ट सांगताना आधी तिची हद्द सांगणारे.
जमिनीपासून उंची दोन फूट नऊ इंच.
वर चंद्र, सूर्य, पिंडीपुढं हात जोडलेला वीर.
त्याखाली त्याला दोन्हीकडून धरून नेणाऱ्या अप्सरा
(सरांनी इथं घसा खाकरला),
त्याखाली लढाई.
त्याखाली सिमेंट.
खालचा थर दिसत नाही, तेव्हा माणूस कशापायी मेला
हे सांगता येत नाही, सर म्हणाले,
आणि अंदाज हा आपल्या मंडळाचा विषय नव्हे.
मधल्या पट्टीवर एक खोल आडवी झीज आहे.
काळाची असावी.

"काळाची न्हवं," दारातून आवाज आला,
"दाव्याची हाय ती."

येसबा. दूधकट्ट्यावरचा.
पडद्यावर आपला दगड दाखवणार म्हणून आलेला.
फोटोच्या कडेला त्याच्या म्हशीची अर्धी नाकपुडी होतीच.
"आज्ज्यानं बांधली, बानं बांधली, मी बांधतोय.
दगुड झाला म्हणून काय, झिजणारच की ओ."

कुणीतरी हसलं.
हसीना मणेरबाई, ज्या मोडीतून मान वर काढत नाहीत,
त्यांनी चष्मा काढला.

"आन् खाली काय हाय त्ये मला ठावं हाय.
कट्टा उंच केला तवा मी ल्हान व्हतो.
त्याआदी म्हशीच्या पायात बसून बोटानं चाचपायचो.
सात जनावरं हाईत.
शेवटचं वासरू मागं वळून बघतंय."

पुरावा? तिवल्यांच्या नातवानं विचारलं.
येसबानं अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरवला,
ओठ हलवत, सातव्या पेरावर थांबला,
मग भिंतीवरचं घड्याळ बघितलं. धारेची वेळ झाली होती.

तो गेल्यावर वीस मिनिटं चर्चा.
सिमेंट कुणाचं, परवानगी कुणाची,
आठवण हे साधन की साधनाचा अभाव.
मणेरबाई एवढंच म्हणाल्या,
"गुरं सोडवून आणताना पडला असणार.
आणि गुरांनीच धरून ठेवला."
वठारे सरांनी आपल्या आकृतीत
जमिनीच्या रेषेखाली पेन्सिलीनं चौकोन काढला, तुटक रेघांचा.
न मोजलेल्या हद्दीला तशीच रेघ काढतात.

चहा. आभार.

रात्री लिहायला बसले.
'एका श्रोत्याने हरकत घेतली.' खोडलं.
'स्थानिक समजुतीनुसार.' हेही खोडलं.
शेवटी लिहिलं: सात. वासरू मागे बघते.
संदर्भाच्या रकान्यात लिहिलं: बोटाने पाहिले.

पहाटे वही घेऊनच कट्ट्यावर गेले.
म्हैस त्या जागेवर उभी होती, चारी पाय रोवून.
फेसाळता ग्लास संपवला, वही पुढं केली.
येसबानं हात लुंगीला पुसले, दोनदा पुसले,
"कितव्या नंबरावर?"
चौदा, म्हटलं.

सही नीट आहे. पण पानाला ओल लागलीच.
वही अजून मिटलेली नाही,
खिडकीत ठेवलीय, उघडी, वाळेपर्यंत.