खाडाखोडीसकट

सिंदेवाहीच्या एसटी स्टँडसमोर माझं दुकान.
झेरॉक्स, कलर प्रिंट, लॅमिनेशन, ऑनलाइन फॉर्म.
बारा वर्षं झाली, तालुक्याचे कागद
या दोन गरम रोलरमधून जातात:
जातीचे, वयाचे, रहिवासाचे,
आणि गेल्या तीनचार वर्षांपासून हे नवे.
निळी चौकट, सोनेरी मोहर,
कोपऱ्यात ठिपक्यांचं चौकोनी जंजाळ.
कोर्स फुकट, परीक्षा फुकट.
फुकटाचा कागद हाती यायला
माझ्याकडे वीस रुपये पडतात.

परवा एक पोरगा पेनड्राइव्ह घेऊन आला.
"दादा, नाव तेवढं बदलवून देता का?
मार्क राहू द्या, चांगले आहेत."
दोन मिनिटांचं काम.
नाही म्हटलं, तर रागावलाही नाही,
पलीकडच्या दुकानात गेला.
तिथं झालं असेल.
प्लास्टिक खऱ्यावर जेवढं चमकते
तेवढंच खोट्यावर.

माझी बी.एड. भिंतीवर आहे, फ्रेममध्ये.
दीड एकर लागलं तिला.
ती खरी आहे.
तिला अजून कोणी काही विचारलं नाही.

हर्षकला नन्नावरे आली ती मार्चात.
धान्य साठवणूक आणि प्रतवारी, बारा आठवडे.
पाण्याच्या टाकीच्या जिन्यावर बसून केलेला कोर्स,
सातव्या पायरीवर,
कारण सहावीवर रेंज नाही
आणि आठवी तुटलेली.
व्हिडिओतला मास्तर निळ्या शर्टातला,
मधेच थांबून विचारायचा, समजलं?
आणि तीन सेकंद वाट बघायचा.
"मी नाही म्हणायची जी, मोठ्यानं.
खाली बकऱ्या चारणारा बुढा हासायचा."
मग व्हिडिओ मागं.
दिवसाचा दीड जीबी
कधी कधी एका 'नाही'पायी संपायचा.

तो कागद घेऊन ती राईस मिलमध्ये गेली.
मॅनेजर भला माणूस.
ठिपक्यांवर मोबाइल धरला त्यानं.
गोल चक्र फिरत राहिलं.
टिनाच्या शेडात रेंज येत नाही.
"कोण्या कॉलेजचं म्हणावं हे?"
"कॉलेज नाही जी. घरूनच."
त्यानं कागद परत दिला, दोन्ही हातांनी,
दुसऱ्याच्या नावाची पत्रिका
चुकून आपल्या घरी आल्यासारखा.

निघता निघता ती म्हणाली,
तुमचं ओलाव्याचं यंत्र
कोणत्याही पोत्याले चौदाच दाखवते.
तपासून घ्या. पाचव्या आठवड्यात होतं हे.
तो म्हणाला, बघू.
तपासलं का, मला माहीत नाही.

आज ती पुन्हा आली.
वाटलं, कागद हरवला.
तिनं पिशवीतून वही काढली,
दोनशे पानी, मागच्या पानांवर किराण्याचा हिशेब.
"याच्या तीन कॉप्या पाहिजे.
टोल्यावरच्या पोरी बसतो म्हणतात
पुढच्या बॅचले."

एकेक पान काचेवर पालथं टाकत गेलो.
'अफ्लाटॉक्सिन' तीनदा लिहिलेलं, दोनदा खोडलेलं.
बाजूला: हे आपल्या कोठीत होते का? आईले विचारणे.
खाली दुसऱ्या पेनानं: होते.
एकोणतीस नंबरच्या पानावर
टाकीचं पाणी गळून शाई पसरलेली.
एका गणितावर आडवी रेघ,
खाली तेच गणित, पुन्हा रेघ,
आणि तिसऱ्यांदा उत्तराभोवती
इतका घट्ट गोल
की कागद मागून उमटलेला.

निळी चौकट मी दहा मिनिटांत करून देईन कोणालाही.
ह्या रेघा कुठून आणू?

मशीनचा काळा रंग फिका झालाय जरा,
तरी खाडाखोड उठली सगळी.

सोबत आलेली बारकी पोरगी
काउंटरला हनुवटी टेकवून विचारते,
"काका, हे फुकट हाय ना?"
"शिकणं फुकट हाय," मी म्हणालो.
"झेरॉक्स दीड रुपया पान."

पानं मोजताना मी चुकलो, मुद्दाम.
हर्षकलानं
पुन्हा मोजली.