छाट

साखरेचं कार्ड कानडीत असतं.
मी ते मराठीत वाचून दाखवते
आणि आक्काताई सुपातून मान वर न काढता ऐकते,
नळाला पाणी उद्या येणार का परवा, असं ऐकावं तसं.
'रोज अर्धा तास चाला.'
'कुठं?' तिनं विचारलं.
एवढंच. कुठं.

बेळगावात आम्हांला तीन दिवस शिकवलं होतं,
चहा-उप्पिट धरून,
बसलेलं माणूस हलवायचं कसं.
आधी भीती: काळ्या पडलेल्या अंगठ्याचा फोटो.
दाखवला. म्हणाली, 'सासूचा आख्खा पाय कापलेला बघिटलाय मी.
फोटो काय दावतीस.'
मग फायदे. सांगितले.
मग वचन घ्यायचं. तिनं दिलं, लगेच.
आमच्या गल्लीत वचन लगेच मिळतं,
'जेवून जा' म्हणतात तसं.

तिचा दिवस मला पाठ आहे.
रात्री भिजवलेली पानं, पत्रा ठेवून कापायची,
चिमूटभर तंबाखू, वळायचं, तोंड दुमडायचं, दोरा.
पंचवीसचा कट्टा. चाळीस कट्ट्यांचे हजार.
बोटं निपाणी ते कोल्हापूर चालून येतील एवढी चालतात
आणि पाय मांडीखाली,
कुणी सांभाळायला ठेवून गेल्यासारखे.
संध्याकाळी कारखान्यात छाट.
मुकादम मूठभर उचलतो, ही पोकळ, ही वाकडी,
नीट बघतसुद्धा नाही.
त्या मुठीचे पैसे नाहीत.
विड्याही परत नाहीत.

शेवटी मी खोटं बोलले.
म्हटलं, आक्काताई, पहाटे मला तळ्याकडच्या वस्तीवर जावं लागतंय,
वाटेत कुत्री अंगावर येतात. सोबत येतीस?

तिनं कात्री खाली ठेवली.
पहिल्यांदा माझ्याकडं पुरतं बघितलं.
'एवढी शिकलीस, आणि कुत्र्याला भितीस?'

साडेपाचला माझ्या दारात उभी,
हातात दांडकं, पायात लेकाचे शाळेतले कॅनव्हासचे बूट,
डाव्याला नाडी नाही, विडीचा दोरा चौपदरी करून बांधलेला.
वखारींच्या भिंतींमधून आम्ही चाललो.
मला ठसका लागला. तिला तो वास येतच नाही.
काहीतरी पुटपुटत होती.
मला वाटलं, देवाचं नाव.

तिसऱ्या दिवशी ती तीन कुत्री
मला बघून शेपटी हलवायला लागली.
तिनं बघितलं.
दांडकं खाली केलं. बोलली काही नाही.
दुसऱ्या दिवशीही दांडकं घेऊनच आली.

आठवड्यानं कळलं, देवाचं नाव नव्हतं.
पावलं मोजत होती,
पंचवीसला एक बोट दुमडून.
'आज नव्वद कट्टे,' म्हणाली.
माझ्या मोबाईलमध्ये आकडा वेगळा होता.
मी तो परत पिशवीत टाकला.
तळ्याच्या बांधावर धाप टाकत उभी राहिली.
तिकडं तवंदी घाटातून ट्रकांचे दिवे उतरत होते.
'एक सांगू? ह्यात छाट काढायला कोण न्हाई बघ.
वाकडं पडलं तरी पाऊल धरत्यात.'

महिन्याच्या फॉर्मवर एक रकाना आहे,
रुग्ण कशामुळे प्रवृत्त झाला.
पेन हातात घेऊन मी बराच वेळ बसले.
मग लिहिलं: कुत्री.
मॅडमनी लाल गोल केलाय त्याच्याभोवती.

साखर अजून दोनशेच्या वरच आहे.
गुडघा कधी सुजतो, कधी लग्नसराई,
कधी माल जास्त येतो आणि ती चार-चार दिवस येत नाही.
मीही आता वचन मागत नाही.
काल संध्याकाळी तिच्या दारावरून जाताना
नुसती थांबले.
सुपातून मान वर न काढता तिनं विचारलं,
'काय गं, कुत्री बरी हायत न्हवं?'