बावीस डोकी

विमान रात्री साडेअकराचं.
हातोडे बॅगेत, होकायंत्रं डब्यात,
आज नुसतं बघायचं, असं मीच जाहीर केलं
आणि बसच्या मागच्या सीटवरून शिट्टी आली.

सहा दिवस खडक फोडून झाले.
आता मत्रहचा धक्का, सुलतानाचं जहाज,
सूकमधला लोबानाचा धूर,
फ्रिजला चिकटणारे उंट, पाचावर एक फुकट.
सौरभ केळस्कर चिपळूणच्या बाजारात करावी तशी घासाघीस करतो,
दुकानदार निघतो केरळचा,
दोघंही मोडक्या हिंदीत एकमेकांना भाऊ म्हणतात,
किंमत उतरत नाही.

मी मोजते. बावीस.
चौकात मोजते, जिन्यावर मोजते,
सरबताच्या गाडीपाशी मोजते.
प्लेट टेक्टॉनिक्स शिकवते मी, पण सहलीत
भूगर्भशास्त्राच्या बाईचं काम एवढंच.

साडेचारला एकवीस.

नाझनीन सारंग सापडली मासळीबाजारापलीकडे.
तिथे एक निळा टँकर उभा, पिण्याच्या पाण्याचा,
आणि टँकरच्या सावलीत एक माणूस,
शर्ट इतका नवा की कॉलरमधला पुठ्ठा तसाच.
"मॅडम, माझे अब्बा. बरकाहून आलेत.
वीस मिनिटं आहेत त्यांच्याकडे."
ओरडायला उघडलेल्या तोंडातून
नमस्कार बाहेर पडला.

चौदा वर्षं ओमानात.
काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं,
किल्ला बघितला असेल ना तुम्ही?
"हय कदी आलोच नाय," ते म्हणाले,
"पाणी कुठं भरायचं, कुठं सोडायचं, तेवढं ठावं."

मग तिनेच दाखवलं,
सहा दिवसांच्या पाहुणीने चौदा वर्षांच्या माणसाला.
तो किल्ला पोर्तुगीजांचा, अब्बा.
ते टेकडीवरचं पांढरं, ते लोबान जाळायचं भांडं, नुसतं शोभेचं.
आणि हा डोंगर, काळपट,
असलेच डोंगर तुमच्या रस्त्यालाही आहेत ना,
हा समुद्राचा तळ.
तळाच्याही खालचा. वर चढला
आणि परत उतरलाच नाही.

ओढणीच्या गाठीतून तिने तुकडा काढला,
सापाच्या कातीसारखा हिरवा,
वजन होतंय, टाक, म्हणून मीच काल दटावलं होतं.
त्यांनी तो अंगठ्याने पुसला.
डोंगराकडे बघितलं, मग टँकरकडे.
"समुद्रातला काय!
तरीच मेला इतकं पाणी मागतो."

तिला इतकं हसू आलं
की धक्क्यावरचे सीगल उडाले,
आणि मी घड्याळ बघायचं विसरले.

बस लागली. दाराशी उभी राहून मोजलं.
तेवीस.
पुन्हा मोजलं. तेवीस.
रांगेच्या शेवटी ते,
हातात मुलीसाठी आणलेली पिशवी,
पोरांबरोबर एकेक पाऊल पुढे सरकत,
पायरीपाशी आल्यावर त्यांच्या ध्यानात आलं.
पिशवी वर दिली.
दाराची काच मिटेपर्यंत हात तसाच वर.

विमानतळावर काट्याने तीस किलो दाखवले, अगदी तीस.
दगड बॅगेत नव्हता.
त्याच्या जागी टँगचा डबा, खजूर, एक टायगर बाम.
"एवढं चालतं ना, मॅडम?"
चालतं, म्हटलं,
आणि पुढच्या मुलाला
बॅग वर ठेवायला सांगितली.