पाणसळ

वीस वर्षं मी हेलसिंकीत
लोकांच्या घरांत लाकडी फरशी बसवली.
पाणसळीतला बुडबुडा दोन रेघांमध्ये थांबला
की काम संपलं.
मग एव्हाल्टमामा गेला
आणि एस्टोनियातलं त्याचं नऊ हेक्टरांचं रान माझ्या नावावर आलं,
त्याचा निळा बेलारूस ट्रॅक्टर,
आणि गोठ्यामागे गवतात पडलेला तीन फाळांचा नांगर.
त्याच्या पोटात एक कोंबडी अंडी घालत होती.

शेजारची साल्मे, वय एक्क्याऐंशी,
सामूहिक शेतीच्या दिवसांत तीस वर्षं ट्रॅक्टर हाकलेली.
तिनं आधी कोंबडीला उठवलं, मग मला.
"चढू नकोस. खाली वाकून बघ."

डावा दांडा आधी, मग उजवा, वरचा शेवटी.
"कोट घालतोस ना, तसंच."
मी सात वेळा ट्रॅक्टर मागे घेतला.
दर वेळी भोक आणि खुंटी यांच्यात
बोटभर अंतर उरे,
आणि नांगर जागचा हलायला तयार नसे.

मग अंगणातच तिनं नांगरटीचं नाटक मांडलं.
डाव्या चाकांखाली वीतभर जाडीचे ओंडके.
"उजवं चाक तासात चालणार,
तेव्हा तू कललेला असशील. नांगरानं कलायचं नाही."
मी उजव्या बाजूचं हँडल फिरवत राहिलो,
सांगाडा हळूहळू आडवा झाला,
आणि खात्री करायला मी खिशातली पाणसळ काढून
त्याच्यावर ठेवली.

तिनं ती उचलली
आणि आपल्या एप्रनच्या खिशात टाकली.
"तुझं रान कुठे सपाट आहे?
उतारावर उतारासारखं बसायला हवं त्याला.
मागे जा. एक डोळा मीट. माती बघ."

पलीकडच्या बांधावर तिनं काठीला लाल फडकं बांधलं.
नजर तिथे ठेवायची, एवढंच सांगितलं.
मी मागे वळून पाहिलं. एकदाच.
नाही, चारदा.
पहिलं तास असं पडलं
की जाता जाता बैल मुतला असावा.
साल्मे बांधावर बसून खिशातले भाजके वाटाणे खात होती.
काही बोलली नाही. पुढचा वाटाणा काढला.

दुसऱ्या दिवशी पहिला फाळ खोल रुते,
तिसरा वरच्या वर खरवडत येई.
माती उठे, काठावर उभी राही,
जरा विचार करी
आणि जिथून उठली तिथेच परत आडवी होई.
वरचा दांडा अर्धा आटा सैल. परत पाव आटा.
उतरा, बघा, चढा.
एक तास पाडायला एक तास गेला.

मग दगड.
आमच्याकडे हिवाळा दर वर्षी खालून दगड वर पाठवतो.
खाडकन आवाज, फाळ मागे लटकलेला,
बोल्टाचे दोन तुकडे.
जॅमच्या बरणीतून साल्मेनं दुसरा बोल्ट दिला, तसाच कच्चा.
मी म्हटलं, चांगल्या पोलादाचा घालू का?
"तुझ्या मामानं घातला होता एकदा,"
आणि सांगाड्यावरची वेल्डिंगची गाठ दाखवली,
मनगटाएवढी.

तिसऱ्या दिवशी दुपारनंतर कधीतरी
मातीची वडी वळली
आणि वळलेलीच राहिली. काळी, ओली, चाकूनं कापल्यासारखी.
पाठोपाठ दुसरी तिच्या कुशीत टेकली.
कुठून कोण जाणे, सीगल आले,
समुद्र दीडशे किलोमीटर लांब असून.
मी मागे बघितलं नाही.
त्यांच्या कलकलाटावरूनच कळत होतं.
त्या रात्री खाटेवरही मी उजवीकडे कलून झोपलो.

पाणसळ अजून तिच्याकडेच आहे.
परवा बोल्ट आणायला गेलो तेव्हा दिसली,
स्वयंपाकघराच्या खिडकीत, कांद्यांशेजारी,
बुडबुडा पार एका टोकाला.
घर कललंय तिचं, तळ्याच्या बाजूला.
मी कोपऱ्यातली फळी पायानं दाबून पाहिली.
ती म्हणाली, "बस, चहा घे,"
आणि भरलेला कप अशा जागी ठेवला
की तो घसरला नाही.